चर्चमधली डोणी

आमच्या गावच्या चर्चमध्ये रविवारी येणाऱ्या माणसांचे दोनच प्रकार होते. एक, ज्यांना देवाघरी जायची वेळ जवळ आली होती. आणि दुसरे, ज्यांच्या मुलांना शाळेत जायची वेळ जवळ आली होती. आम्ही दुसऱ्यांत होतो.

गाव म्हणजे इंग्लंडातलं खेडं. एक चर्च, एक पब, एक तळं, आणि पुण्यातल्या बंगल्यांहून महाग अशा गवती छपराच्या झोपड्या. दोन हजार सालानंतरची ती वर्षं होती. नवरा लंडनजवळच्या स्लाऊ शहरात एका कंपनीत सॉफ्टवेअरमध्ये होता. स्लाऊच्या फ्लॅटमध्ये आमचं काही वाईट चाललं नव्हतं. खाली पंजाबी दुकानदार होता, कोथिंबीर जुडीनं मिळायची. पण लेक चार वर्षांची व्हायला आली आणि नवऱ्याला शाळेनं पछाडलं. या गावची शाळा म्हणे अख्ख्या परगण्यात नावाजलेली. मग गावाच्या कडेला नवीन बांधलेल्या घरांपैकी एक घेतलं. घर घेतल्यावर कळलं की शाळा चर्चची आहे. चर्चला येणाऱ्या, बाप्तिस्मा झालेल्या मुलांना आधी जागा, उरल्या तर बाकीच्यांना. उरायच्या मात्र कधीच नाहीत.

म्हणून अडला हरी गाढवाचे पाय धरी. आम्ही रविवारी चर्चला जायला लागलो.

पहिल्या रविवारी मला वाटलं, इथे ढोंगी काय ती मी एकटीच. दुसऱ्याच रविवारी जिवाला थंडावा मिळाला. गावातल्या सगळ्या गोऱ्या आया मुलांना नटवून पुढच्या बाकांवर हजर. पाद्र्याच्या नजरेत भरेल अशा बेतानं बसलेल्या. तोंडं प्रार्थनेत, डोळे घड्याळाकडे. वसंतात शाळाप्रवेशाचं पत्र घरी आलं की पुढच्याच रविवारी ही बाकं रिकामी. गरज सरो, वैद्य मरो. आमच्याकडे देखल्या देवाला निदान दंडवत तरी घालतात. या बाया तर देवाला फक्त तोंड दाखवून हजेरी लावत होत्या. पाद्र्यालाही हे ठाऊक होतं, आणि त्याला ठाऊक आहे हे त्यांनाही ठाऊक होतं. सगळे एकमेकांकडे बघून इतकं गोड हसत होते की माझे दात दुखायचे.

चर्चच्या दारातून आत शिरलं की समोर ती डोणी. बाप्तिस्म्याचं पाणी ठेवायची दगडी डोणी. इंग्रजीत तिला वेगळं नाव आहे, पण मी पहिल्या दिवसापासून डोणीच म्हणत आले, कारण दिसायला ती तशीच होती. आमच्या आजोळच्या गावी गुरांना पाणी पाजायला असते तशी, फक्त गोल आणि उंच चौथऱ्यावर बसवलेली. दोन माणसांनी कवेत घ्यावी एवढी. आठ-नऊशे वर्षांची म्हणे. बाहेरून सगळीकडे कोरीवकाम होतं. लहान लहान कमानी, प्रत्येक कमानीत एक संत उभा. अंगावरच्या झग्याची चुणी न् चुणी कोरलेली, हातातली पुस्तकं, किल्ल्या, सगळं जागच्या जागी. फक्त एकालाही तोंड नव्हतं. कधीतरी या देशातला धर्म बदलला तेव्हा इथल्याच लोकांनी छिन्नी घेऊन सगळ्यांची तोंडं उडवली होती. चर्चच्या माहितीपत्रकात या प्रकाराबद्दल लिहिलं होतं, 'काळाच्या ओघात थोडी हानी झाली.' रांगेनं उभ्या संतांची तोंडं फोडायची आणि त्याला थोडी हानी म्हणायचं, हे इंग्रजांनाच जमतं.

तरी सांगते, डोणी सुंदर होती. त्या चर्चमध्ये खरं असं काही असेल तर तीच होती. म्हणूनच मी पहिल्या दिवशी नकळत तिच्यावर हात ठेवला.

"प्लीज डोन्ट टच, डिअर," मागून आवाज आला. "हाताच्या तेलानं दगड खराब होतो."

ही चर्चची कारभारीण. निवृत्त, उंच, अंगात नेहमी हिरवं रजईसारखं जाकीट. ही बाई डोणीची अशी राखण करायची की जणू ती तिच्याच पोटची. मऊ ब्रशनं संतांच्या चुण्यांमधली धूळ काढायची. शिवू नका, हे ती सगळ्यांनाच सांगायची, गोऱ्या मुलांनाही सांगायची. पण 'शिवू नका' हे दोन शब्द माझ्या घरात किती पिढ्या ऐकत आल्या आहेत हे तिला कुठून माहीत असणार? मी हात काढला. हात काढताना माझं मलाच नवल वाटलं की किती पटकन काढला.

पुढे चर्चमध्ये 'इन्व्हॉल्व्ह' व्हावं म्हणून तिनं मला काम दिलं. बाप्तिस्मा असेल त्या रविवारी मागच्या छोट्या किचनमधल्या नळावर जग भरायचा आणि डोणीपाशी आणून ठेवायचा. म्हणजे शिवायचं नाही, पण पाणी भरायचं. मी नवऱ्याला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "अगं, ऑनर आहे तो!"

नवऱ्याशी माझं यावरून बरेचदा वाजायचं. तो वाईट माणूस नव्हे. पण स्वतःला सोयीचं असलं की तो त्याला लगेच 'प्रॅक्टिकल' म्हणतो.

"बाप्तिस्मा म्हणजे जस्ट फॉर्मॅलिटी गं. डोक्यावर तीन थेंब पाणी. शॉवरमध्ये जास्त पडतं."

"मग आपल्या वडिलांनी दीक्षा घेतली तीही फॉर्मॅलिटीच होती का?"

"ते वेगळं. तो हिस्टॉरिकल इव्हेंट होता." मग जरा थांबून त्यानं त्याचा हुकमी पत्ता टाकला. "आणि एक सांग, इतक्या महिन्यांत या चर्चमध्ये तुला कोणी आडनाव विचारलं?"

हे मात्र मला कबूल करावं लागायचं. कारण मागच्याच संक्रांतीला वॉटफर्डला मराठी मंडळींच्या हळदीकुंकवाला गेले होते. तिळगूळ हातावर पडायच्या आत एका बाईनं गाव विचारलं, दुसऱ्या घासाला आडनाव विचारलं, आणि आडनाव ऐकून म्हणाली, "अच्छा." बस, एवढंच. पण तो 'अच्छा' ज्यांना ऐकू येतो त्यांनाच ऐकू येतो. सातासमुद्रापार येऊन, ब्रिटिश पासपोर्ट घेऊन, मुलांना पियानो शिकवूनही यांचं हे विचारणं काही सुटत नाही. पालथ्या घड्यावर पाणी. त्यांच्यापुढे ती ढोंगी चर्चवाली मंडळी मला देवमाणसं वाटायची. म्हणून मीही शेवटी बाप्तिस्म्याला हो म्हटलं. आणि नेमके तेव्हाच नागपूरहून बाबा आले.

माझे वडील कापडगिरणीतले कामगार. लहानपण नागपूरजवळच्या एका खेड्यातलं. गावाला विहीर होती, पण आमच्या लोकांनी तिच्यात पोहरा टाकायचा नाही. विहिरीपाशी उभं राहायचं, कोणी पाणी काढायला येईल त्याची वाट बघायची, आणि त्याला दया आली तर वरून धार धरेल तिच्याखाली ओंजळ धरायची. पाण्यात हात घालायचा प्रश्नच नव्हता. बाबा पोरसवदा असताना आमच्या अख्ख्या वस्तीनं एका माणसाच्या शब्दावर जुना धर्म सोडला. आजोबांनी देव्हाऱ्यातले देव टोपलीत घातले आणि नदीत सोडून दिले. सोडताना शिव्या दिल्या नाहीत की कुणाचं तोंड फोडलं नाही. नंतर सगळ्यांनी पांढरे कपडे घालून प्रतिज्ञा म्हटल्या, एकेक करून, मोठ्यानं. त्या प्रतिज्ञा बाबांना आजही पाठ आहेत.

ते आल्यावर मी त्यांना पहिल्यांदा लंडनमधल्या कॅमडेनला नेलं, त्या माणसानं विद्यार्थी असताना जिथे दिवस काढले ते घर दाखवायला. घर तेव्हा कुलूपबंद, खाजगी. भिंतीवर निळी पाटी तेवढी. बाबांनी समोरच्या फुटपाथवर बूट काढले आणि त्या थंडीत नुसत्या मोज्यांवर हात जोडून उभे राहिले. कुत्रं घेऊन जाणारी एक बाई थांबून म्हणाली, यांचे पाय दुखतायत का? मी हो म्हटलं. दुसरं काय सांगणार?

असा माणूस घरात असताना नातीचा बाप्तिस्मा. पाद्र्याकडे दुसरी तारीख नव्हती, आणि पुढे ढकललं तर शाळेचे अर्ज बंद होत होते. नवरा म्हणाला, "बाबांना सांगायचं, शाळेचं फंक्शन आहे. त्यांना इंग्लिश कुठे येतं?" मला त्या क्षणी त्याचा भयंकर राग आला. पण मीही बाबांना काही सांगितलं नाही.

फंक्शन म्हणून बाबांनी पांढरा शर्ट, पांढरी पँट घातली. विहारात जाताना घालतात तीच. मी ते कपडे बघितले आणि लेकीचे बूट घालायला वाकले. लेक फ्रिलच्या फ्रॉकमध्ये, "आजोबा, माझी शूज न्यू आहे" करत त्यांच्या बोटाला धरून चाललेली.

त्या दिवशी बाप्तिस्मे दोन होते. एक आमच्या लेकीचा, आणि दुसरा एका गोऱ्या जोडप्याच्या तान्ह्या बाळाचा. लेकीला धर्ममाता, म्हणजे गॉडमदर, हवी होती, आणि आमच्या ओळखीत बाप्तिस्मा झालेलं कोण असणार? तेव्हा कारभारीणच स्वतःहून पुढे झाली होती. तिनं म्हणे अशा पुष्कळ मुलांचं केलं होतं. मी सकाळी नळावर जग भरून ठेवला.

पाद्रीबुवा वेळेआधी आले. त्यांच्याकडे आसपासची आणखीही चर्चेस होती, त्यामुळे झग्याखाली गाडीच्या किल्ल्या कायम खुळखुळत असायच्या. बाबा डोणीभोवती फिरून कोरीवकाम बघत होते, ते पाहून त्यांना कोण आनंद झाला. शाळेच्या लोभाशिवाय त्या दगडाकडे बघणारं माणूस त्यांना बऱ्याच दिवसांनी भेटलं असावं. ते समजावून सांगायला लागले, आणि मी मराठीत सांगायला लागले.

"बाबा, हे झाकण लाकडी आहे. दोरीनं वर ओढतात. आणि इथे कडेला शिसं दिसतंय ना, तिथे पूर्वी लोखंडी कडी होती. कुलूप लावायला."

"पाण्याले कुलूप?" बाबा थबकले. "काऊन?"

मी विचारलं. पाद्री म्हणाले, त्या काळी गावातली गरीब माणसं हे पवित्र पाणी चोरून न्यायची. आजारी गुराला, तापलेल्या लेकराला लावायला. म्हणून वरून हुकूम होता की झाकणाला कुलूप हवं.

मी सांगितलं. बाबांनी त्या शिशावर बोट फिरवलं. कारभारीण फुलं मांडत होती म्हणून तिनं पाहिलं नाही.

"आता नाही ना कुलूप?"

"आता नाही."

"बरं झालं," बाबा म्हणाले आणि डोणीजवळच्या बाकावर जाऊन बसले.

प्रार्थना झाली, गाणी झाली. मग आम्हाला डोणीपाशी बोलावलं. नवरा, मी, लेक, कारभारीण, आणि ते गोरं जोडपं. झाकण वर गेलं. पाद्र्यांनी मीच भरलेल्या जगातलं पाणी ओतलं, आणि एकेक प्रश्न विचारायला लागले. सैतानाला नाकारता का? ख्रिस्ताकडे वळता का? दर प्रश्नाला आम्ही सगळ्यांनी एका सुरात उत्तर द्यायचं. उत्तरं छापून हातात दिलेली होतीच. गोरं जोडपं गॅसचं कनेक्शन घेताना देतात तशी उत्तरं देत होतं. नवरा खणखणीत आवाजात, जणू तोंडी परीक्षा चाललीय. पहिलं उत्तर मीही दिलं.

तेवढ्यात बाबा उठले.

गिरणीतल्या मागांच्या खडखडाटात बोलायची सवय, त्यामुळे बाबांचं कुजबुजणं म्हणजे इतरांचं ओरडणं. अख्खं चर्च वळून बघायला लागलं.

"पोरी, काय म्हणून राहिली तू?"

इंग्लिश येत नव्हतं त्यांना. पण पाण्यापाशी उभं राहून, एकानं म्हणायचं आणि बाकीच्यांनी मागून कबूल करायचं, हे काय असतं ते त्यांच्याइतकं त्या चर्चमध्ये कुणालाच कळत नव्हतं. नवरा म्हणाला, "बाबा, प्लीज, नंतर." मी नवऱ्याकडे बघितलंच नाही.

"धर्माची प्रतिज्ञा आहे, बाबा," मी म्हटलं. "यांच्या धर्माची. शाळेत जागा मिळते याच्यानं."

मला वाटलं, आता आकाश कोसळणार. पण बाबांचा आवाज चढला नाही.

"तुले पटलं आहे का हे? मनातून?"

"नाही."

"पटलं असतं ना माय, तर मी इथे टाळ्या वाजवल्या असत्या. माह्या बापानं बी बदलला धर्म. पण खोटं नाही बोलला तो. पोटात आग होती म्हणून बोलला." आणि ते खाली बसले.

पाद्र्यांनी मला प्रश्न पुन्हा विचारला, हळुवारपणे. म्हाताऱ्या पाहुण्याला बरं वाटत नसेल असं त्यांना वाटलं. छापील उत्तर हातात, समोर तोंडं फोडलेले ते संत. तेवढ्यात कारभारीण, आमच्या लेकीची होऊ घातलेली धर्ममाता, माझ्या कानाशी वाकली आणि अगदी मायेनं पुटपुटली, "जस्ट से इट, डिअर. वुई ऑल डू."

तो क्षण मी विसरणार नाही. आयुष्यभर ज्यांच्या सभ्यतेचे गोडवे ऐकले त्यांचं सगळं शास्त्र त्या बाईनं एका वाक्यात सांगून टाकलं. आणि गंमत म्हणजे, महिनोन् महिने मीही तेच म्हणत आले होते. मला स्वतःची इतकी शिसारी आली की त्यातून आवाज फुटला.

"नो," मी म्हटलं. "सॉरी. आय डोन्ट."

नवरा आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. शाळेची जागा अर्थातच गेली. लेक रोज बापाच्या गाडीतून जाऊन स्लाऊच्या साध्या सरकारी शाळेत शिकली, पंजाबी शिव्या आधी शिकली आणि गणित नंतर, आणि आज बरी चालली आहे. वसंतात पत्रं आल्यावर त्या बायांनी चर्चला पुन्हा पाठ फिरवली. ज्या बाळाच्या आईबापांनी सैतानाला खाडखाड नाकारलं ते त्याच रविवारी अधिकृत ख्रिस्ती झालं. पण हे सगळं नंतरचं.

त्या दिवशी प्रार्थना संपली आणि लोक नेहमीप्रमाणे मागे चहाच्या भांड्याकडे गेले. आमच्याजवळ कोणी आलं नाही. सगळे आमच्याकडे बघून गोड हसत मात्र होते. नवरा गाडीत जाऊन बसला. डोणीचं झाकण अजून वरच होतं. बाबा लेकीला घेऊन तिथे उभे होते. लेक चौथऱ्यावर चढून आत वाकून बघत होती आणि म्हणत होती, "आजोबा, आय ॲम थर्स्टी. पाणी हवा."

बाबांनी शर्टाच्या बाह्या वर सारल्या आणि दोन्ही हातांची ओंजळ मनगटापर्यंत पाण्यात बुडवली. सावकाश. लहानपणी वरून पडणाऱ्या धारेखाली धरलेली ओंजळ ती. भरून वर काढली आणि आधी स्वतः प्यायले.

"नो, नो, नो! यू मस्टन्ट टच!" कारभारीण कप टाकून धावत आली. बाबा बाजूला झाले. तिनं जाकिटाच्या खिशातून फडकं काढलं आणि बाबांचे हात जिथे टेकले होते ती कड पुसायला लागली. पाणी सांडलं होतं म्हणून पुसत असेल. दगडाची काळजी म्हणून पुसत असेल. बिचारीला काय माहीत? पण ती पुसत होती, आणि परत परत पुसत होती, आणि मी ते बघत होते.

"काय म्हणते ती?" बाबांनी विचारलं.

"शिवू नका म्हणते."

बाबा हसायला लागले. मोठ्यानं, गिरणीतलं हसू. चहाचे कप हातात धरून सगळे बघायला लागले.

"एवढ्या लांब विमानात बसून आलो," ते म्हणाले, "अन् बोलणं तेच!"

मग त्यांनी तिच्या फडक्याच्या बाजूनंच पुन्हा ओंजळ बुडवली आणि नातीच्या तोंडाशी धरली. ती घटाघटा प्यायली, अर्धं फ्रॉकवर सांडलं. माझ्या लेकीचा बाप्तिस्मा झाला तो एवढाच.